पांढरा राजा कुणी आडवा केला

साहेब, पांढरा राजा तुम्ही आडवा केलात.

हे मी कुणाच्या कानात कुजबुजत नाहीये, छापायला देतेय. तुमचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुमचा वकील जागा होतो आणि मूळ गोष्ट बाजूला पडते. तुम्ही कोण ते तुम्हाला माहीत आहे. पंपहाऊसच्या वरच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर बुद्धिबळाचा डाव मांडलेला होता. त्यासमोर तुम्ही बसलात, फोटो काढून घेतलात, चहा प्यायलात आणि गाडीत बसून निघून गेलात. पुढे खात्याच्या मासिकात तो फोटो आला. वर मथळा, 'बुद्धिबळ का खेळावे?' खाली तुमचा लेख. एकाग्रता वाढते, नियोजनशक्ती वाढते, नेतृत्वगुण अंगी येतात. कर्मचाऱ्यांनी फावल्या वेळात मोबाइल बाजूला ठेवून बुद्धिबळ खेळावं, असा तुमचा सल्ला.

वाचला मी लेख. आता लोक बुद्धिबळ का खेळतात ते माझ्याकडून ऐका.

आमच्या गल्लीतला शिंपी सासऱ्याशी खेळतो आणि दर वेळी मुद्दाम हरतो. सासरा जिंकला की त्या दिवशी पोरीला टोचून बोलत नाही. कोपऱ्यावरचा निवृत्त बसड्रायव्हर बागेत बाकावर पट मांडून बसतो आणि येईल त्याला हाक मारतो. जन्मभर माणसं त्याच्या पाठीमागे बसली, समोर कुणी बसलंच नाही. आणि माझ्या सासूबाई का शिकल्या? सासरे कामावरून आले की पटावर मान खाली घालून बसायचे, एकटेच, दोन्ही बाजूंनी खेळत. शेजारी बायकोने चहा ठेवला काय आणि दगड ठेवला काय. शेवटी बाई समोर जाऊन बसली आणि एक प्यादं पुढे ढकललं. नवऱ्याने मान वर करावी म्हणून. केली म्हणे त्यांनी. मग तिला हरवायला परत खाली घातली.

यात तुमचे नेतृत्वगुण कुठे बसतात ते तुम्हीच बघा.

सासूबाईंनी दोन्ही मुलांना खेळ शिकवला. थोरला तो माझा नवरा. धाकट्याला मी भाऊजी म्हणते. दोघेही तुमच्याच खात्यात, एकाच पंपहाऊसवर ऑपरेटर. दिवसपाळी थोरल्याची, रातपाळी धाकट्याची. पंप चालू करायचे, टाकी भरली की बंद करायचे, दाबाच्या काट्यावर नजर ठेवायची, बेअरिंगवर हात ठेवून जास्त तापलंय का बघायचं. एका वेळी एकच माणूस. एक आला की दुसऱ्याने घरी जायचं. सख्खे भाऊ एकाच छताखाली नोकरी करतात आणि एकमेकांना फक्त दारात भेटतात, अशी ती नोकरी.

पुढे दारातही भेटेनासे झाले.

सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी थोरल्याला केबिनमध्ये बोलावलं. धाकटा गावाबाहेर, खात्याच्या कामावर. थोरला बाहेर आला आणि म्हणाला, "ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. घरी न्या म्हणतात." आम्ही घरी आणलं. त्या गेल्या. सगळं आटोपल्यावर धाकट्याने विचारलं, "दादा, डॉक्टर खरंच असं म्हणाले?"

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"मग काय म्हटलंस?"

एवढंच. तो डॉक्टर नोकरी सोडून परदेशात गेला होता, त्याला विचारायची सोय राहिली नव्हती. केबिनमध्ये मीही नव्हते. नवऱ्याच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण डॉक्टरांचं बोलणं मी कानांनी ऐकलं असं मी म्हणणार नाही, कारण ऐकलेलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद झालं. थोरला पुढच्या दाराने बाहेर पडायचा, धाकटा मागच्या दाराने आत यायचा. कामाचं काय सांगायचं ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूने. 'दोन नंबर तापतोय.' 'व्हॉल्व्ह बदलला.' वर नाव नाही, खाली नाव नाही. अनोळखी माणसाला लिहावं तसं.

मग एका सकाळी नवरा पाळीवर गेला तर वरच्या खोलीत पट मांडलेला. सासूबाईंचा. तो धाकट्याकडे होता. पांढऱ्या सोंगट्या थोरल्याच्या खुर्चीकडे केलेल्या, म्हणजे पहिली चाल तू कर. नवरा संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाला, "पट आणून ठेवलाय."

"मग?"

"मग काय मग? धूळ बसेल."

दुसऱ्या दिवशी त्याने राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सारलं. त्याच्या पुढच्या सकाळी समोरून उत्तर आलेलं होतं.

एका पाळीत एक चाल. ती करायची आणि मग त्या पाळीत पटाला हात लावायचा नाही. हा नियम कुणी कुणाला सांगितला नाही, तो आपोआप झाला. एक काळं प्यादं कधीतरी फरशीच्या फटीतून खाली पंपांच्या पायाशी गेलं ते गेलंच. त्याच्या जागी धाकट्याने पितळी नट ठेवला. डावामागून डाव झाले. कधी हा जिंकला, कधी तो. फळ्यावर मात्र त्याबद्दल एक अक्षर नाही. तिथे आपलं 'दोन नंबर तापतोय'.

आम्ही दोघी जावा काय करायचो? फोन. नवऱ्यांना कळू न देता. त्यांना कळत असणार, पण त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

"ताई, तुमच्याकडून आज घोडा आलाय म्हणे. नुसता उड्या मारतोय. दादा चिडलेत का?"

"चिडले नाहीत गं. दाढ दुखतेय."

"तरीच! हे म्हणत होते, दादा असा खेळत नाही, त्याचं काहीतरी दुखतंय."

दुसऱ्या दिवशी तिने दाढेचं औषध एका ओळखीच्या बाईच्या हाती पाठवलं. कुणी पाठवलं ते नवऱ्याने विचारलं नाही. घेतलं.

कधी मी फोन करायची. "काय गं, तुमच्याकडे काही आनंदाची बातमी? आमचे म्हणतात, गडी वजीर घेऊन पटभर मिरवतोय."

"अगबाई! पोरीला नोकरी लागली, आज कळवणारच होते. वजिराने आधीच सांगितलं का?"

हसायचो आम्ही. माझा नवरा पटावरून सांगायचा, त्याला झोप मिळत नाहीये, त्याचं घरी बिनसलंय, तो बरा आहे. बरा आहे हे कळलं की डबा रिकामा व्हायचा. नाही कळलं की अर्धा परत यायचा. तोंडाने बोलायचं नव्हतं आणि बोलणं तोडायचंही नव्हतं, म्हणून हे दोघं भाऊ बुद्धिबळ खेळत होते. तुमच्या लेखात हे कारण नाही.

शेवटचा डाव फार लांबला. एका संध्याकाळी नवरा हातपाय धुता धुता म्हणाला, "हा डाव संपला की त्याला घरी बोलावणार."

माझ्या हातातलं काम तसंच राहिलं. "खरं?"

"पण बरोबरीत संपला पाहिजे. मी जिंकलो तर मला बोलता येणार नाही. हरलो तर तो बोलणार नाही. मी काय बोलतोय कळतंय का तुला?"

"कळतंय. हत्ती-उंट कळत नाहीत, भाऊ कळतात."

त्याच्याकडे एक हत्ती जास्त होता. साधा सरळ खेळला असता तर जिंकला असता. रोज यायचा आणि सांगायचा, आज अमुक टाळलं, आज तमुक सोडून दिलं. जिंकायचं नाही आणि समोरच्याला सोडलंय असं वाटूही द्यायचं नाही, याला किती डोकं लागतं ते मी त्याच्या चेहऱ्यावर बघितलंय. एवढं डोकं त्याने नोकरीत लावलं असतं तर आज तुमच्या खुर्चीत बसला असता. मग एका सकाळी निघताना म्हणाला, "आज हत्ती देणार. त्याने मारला की पटावर दोन राजे आणि एकमेकांना अडवून बसलेली दोन प्यादी. कुणालाच काही करता येणार नाही. त्याला लगेच कळेल."

नेमके त्या दिवशी तुम्ही आलात.

नव्या पंपाची पाहणी होती. सकाळीच निरोप आला होता की ऑपरेटरने पंपांजवळून हलायचं नाही, साहेबांसमोर दाबाचा काटा थरथरता कामा नये. नवऱ्याने पाळीवर जाताच वर जाऊन हत्ती पुढे केला आणि खाली उतरला. मग दिवसभर खालीच. डबाही पंपाच्या आवाजात उभ्यानेच खाल्ला. तुम्ही आलात, पंप बघितलात, मान हलवलीत. मग तुम्हाला वर चहाला नेलं. सोबत फोटोग्राफर आणि तुमचे पी.ए. नवऱ्याला कुणी वर बोलावलं नाही. तुम्ही गेलात आणि त्याची पाळी संपली तसा तो पुढच्या दाराने घरी आला. आल्या आल्या म्हणाला, "उद्या काहीतरी चांगलं कर जेवायला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आला तो भिंतीसारखा.

"काय झालं? हत्ती मारला?"

"पट आवरून ठेवलाय. सगळं पेटीत घालून, पेटी कपाटावर."

"पण का?"

"त्याला विचार."

मी फोन लावला. जाऊ म्हणाली, "ताई, इथे काही कळत नाही. हे जेवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, दादाला विचार."

दादाला विचारलं की 'त्याला विचार', त्याला विचारलं की 'दादाला विचार'. आम्ही दोघी मधे, टपालासारख्या. धरणावरच्या पंपिंग स्टेशनला माणूस हवा होता, राहायला खोल्या मिळणार होत्या. भाऊजी दर वेळी नाही म्हणायचे. या वेळी हो म्हणाले आणि सामान बांधून गेले. जाताना फळ्यावर लिहून गेले, 'दोन नंबरची बेअरिंग बदलायला हवी.'

मग मासिक आलं.

नवऱ्याने ते सहज उघडलं आणि उभाच राहिला. खुर्चीत तुम्ही. हनुवटीला हात लावून विचारात पडलेले. समोर आमचा पट. आमचाच, कारण काळ्या प्याद्याच्या जागी पितळी नट चमकतोय. हत्ती जिथे ठेवला तिथेच आहे. आणि पांढरा राजा आडवा.

साहेब, तुम्ही एकाग्रतेवर लेख लिहिलाय, तेव्हा एवढं तुम्हाला माहीत असावं असं मी धरून चालते. आपला राजा आपण आडवा करणं म्हणजे हार मानणं. डाव सोडला, असं सांगणं. तो असाच, मजेत आडवा करत नाहीत.

"त्याने हे बघितलं," नवरा म्हणाला. "हे बघून पट आवरला त्याने. अगं, त्याला वाटलं मी केलं!" किती दिवसांनी तो हसत होता. मासिक तसंच पिशवीत घातलं आणि आम्ही बसने धरणावर गेलो.

भाऊजींनी दार उघडलं. एवढ्या वर्षांनी पहिलं वाक्य: "ये म्हणू की नको म्हणू, दादा?"

"आता आलोच आहे."

जावेने चहा टाकला. थोरल्याने मासिक टेबलावर उघडून ठेवलं. "बघ. हा आपला पट. हा तुझा नट."

"दिसतोय."

"राजा बघ."

"तो मी त्याच दिवशी बघितलाय."

"मी नाही पाडला. साहेबाने पाडला, फोटो छान यावा म्हणून. मी तर खाली होतो!"

भाऊजींनी मासिक हातात घेतलं, उजेडाला धरलं. मला वाटलं, झालं. आता हसतील. "वर चहाचे कप पडलेले होते," ते हळूच म्हणाले. "साहेब येऊन गेलेत हे मलाही कळलं होतं. पण मांडलेल्या डावाला कोण हात लावतं, दादा?"

"तेच म्हणतोय मी!"

"मी आधी हत्ती बघितला. मला वाटलं, दादा बरोबरी मागतोय. एकटाच हसलो त्या खोलीत, वेड्यासारखा. मग राजा दिसला. हत्तीही द्यायचा आणि वर राजाही पाडायचा. म्हणजे काय? घे, जिंक, आणि तोंड मिट. भीक घातलीस तू मला."

"अरे, मी नाही पाडला!"

"साहेबाचा हात कुठाय यात? हनुवटीला. राजा पडलाय आणि साहेब बसलाय, एवढंच दिसतंय. तू पाडून खाली गेलास आणि मग साहेब येऊन बसला, असंही असेल."

"मी सांगतोय ना तुला!"

"तू सांगतोयस." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं झालं असतं. "केबिनमधून बाहेर आलास तेव्हाही तूच सांगत होतास."

जाऊ कप घेऊन दारातच थांबली. थोरला उठला. पिशवी उचलली. "मी तुला भीक घालीन?"

"तू काय करशील ते मला कधी कळलंय का? तुझं सगळं बंद खोलीत. डॉक्टर बंद खोलीत, राजा बंद खोलीत. मी आपला बाहेरून येऊन काय उरलंय ते बघायचं."

"चल गं," नवरा मला म्हणाला.

चहा तसाच राहिला. भाऊजी आमच्या मागे पायऱ्यांपर्यंत आले. नवरा पुढे गेलेला. ते मला म्हणाले, "वहिनी, साहेबांनी सांगितलं ना की राजा उभा होता, तर मी मानीन. त्यांना काय पडलंय खोटं बोलायचं? येईन मी स्वतः. दादाच्या पायावर डोकं ठेवीन, दोन्ही गोष्टींसाठी."

दोन्ही गोष्टींसाठी, साहेब. म्हणजे डॉक्टरांचीही. राजाबद्दल दादा खरा ठरला तर आईबद्दलही खरा असेल, असा त्यांचा हिशोब. चूक की बरोबर ते मला विचारू नका. सख्ख्या भावाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नाही आणि तुमच्यावर आहे, हे ऐकून मला हसू आलं की रडू, तेही विचारू नका.

मी तुमच्या कार्यालयात आले. पी.ए. म्हणाले, "विषय काय लिहू?"

"लिहा, राजा."

"कुठला राजा?"

"पांढरा. साहेब बसले तेव्हा तो उभा होता की आडवा, एवढंच विचारायचंय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, पाण्याची तक्रार असेल तर खिडकी नंबर चार."

"तुम्ही स्वतः होतात तिथे. तुम्हीच सांगा."

"मी साहेबांच्या चहात साखर किती ते बघत होतो. सोंगट्या मोजत नव्हतो." शेजारचा कारकून हसला. मग पी.ए. जरा मऊ झाले. "अहो, एवढ्याशा लाकडासाठी कशाला खेटे घालताय? साहेब खेळाडू वृत्तीचे आहेत. स्पर्धा ठेवलीय त्यांनी. तुमच्या मिस्टरांचं नाव देऊ का?"

फोटोग्राफरलाही गाठलं. तो म्हणाला, "मी वर आलो तेव्हा साहेब बसलेलेच होते. मी चेहरा बघतो, मॅडम. बाकीचे फोटो उडवले." परत तुमच्या कार्यालयात गेले तर साहेब बैठकीत. परत गेले तर दौऱ्यावर. शिपाई आता मला लांबूनच बघून मान हलवतो.

तुम्ही पंपहाऊसवर नवे पट पाठवलेत, खात्याचं बोधचिन्ह छापलेले. स्पर्धेत कुणीतरी कप जिंकला. ते पट आता वरच्या खोलीत एकावर एक रचून ठेवलेत आणि त्यावर चहाची किटली ठेवतात. रातपाळीला नवा माणूस आलाय. चांगला आहे, बोलका आहे. नवरा त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारतो आणि अर्धा डबा परत आणतो.

जुनी पेटी नवऱ्याने घरी आणलीय. एका दुपारी मी बघितलं, त्याने डाव आठवून मांडला होता. हत्ती त्याच घरात, नट नटाच्या जागी. फक्त पांढरा राजा हातात धरून बसला होता. मी म्हटलं, "ठेव की तो पण."

"कसा ठेवू?" तो म्हणाला. "उभा ठेवला तर म्हणतील, आत्ता ठेवलास."

त्याची निवृत्ती जवळ आलीय. निरोपाला तुम्ही याल, हार घालाल, त्याच्या सचोटीबद्दल चार शब्द बोलाल. तुमच्या त्या चार शब्दांचं आम्हाला काही करायचं नाही. आम्हाला एकच शब्द हवाय. त्यासाठी धरणावर जायला नको, बस धरायला नको, समिती नेमायला नको. आठवत नाही असं कळवू नका. ज्याने हात लावला त्याला आठवतं, आणि ज्याने लावला नाही त्यालाही. लेखात तुम्ही लिहिलंय की बुद्धिबळाने स्मरणशक्ती तल्लख होते. मग ती वापरा.

तुम्ही त्या खुर्चीत बसलात तेव्हा पांढरा राजा उभा होता की आडवा? बोला साहेब.